कारण लिहिणाऱ्या बाई

बाईंच्या घरी चहा पाहुण्याने ओतायचा असे. त्या खुर्चीत बसून सांगायच्या, "आमच्यात रिवाजच आहे तसा. आलेल्याने ओतायचं." पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, असेल बाई, एकेका घरची एकेक तऱ्हा. आमच्या मालवणकडे काय कमी आहेत? मी ओतला. दुसऱ्यांदाही ओतला. मग एकदा त्यांचा सख्खा भाचा माझ्यादेखत म्हणाला, "आत्या, हा रिवाज कधीपासून? मी याच घरात वाढलो ना?" तर या म्हणतात कशा, "तू लहान होतास रे. लहानांना रिवाज सांगत नाहीत." भाच्याचे केस तेव्हा कानाजवळ पिकलेले.

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत बाईंचं दार माझ्या दारासमोर. लग्न केलं नाही. अंधेरीच्या एका कंपनीत जन्मभर कॉम्प्युटरचं काम केलं, तेही ज्या काळात कॉम्प्युटरला एसी असायचा आणि माणसांना पंखासुद्धा नसायचा, असं त्याच सांगायच्या. शाळेत कधी शिकवलं नाही, तरी सगळी सोसायटी त्यांना बाईच म्हणे. कारण त्या कोणालाही उभं करून प्रश्न विचारायच्या आणि उत्तर आल्याशिवाय बसू द्यायच्या नाहीत.

माझं शिक्षण मॅट्रिकला गणितापाशी अडकलं ते कायमचं. लिहायची हौस मात्र पहिल्यापासून. घरात सुनेचा लॅपटॉप होता, पण तो ऑफिसचा. मी हात लावला तर ती काही बोलायची नाही, फक्त नंतर पुसून घ्यायची. म्हणून एके दिवशी घावण्यांचा डबा घेऊन बाईंचं दार वाजवलं.

"मला कॉम्प्युटरवर लिहायला शिकवा."

"काय लिहिणार?"

"काहीबाही. जुन्या गोष्टी."

"काहीबाही लिहायला पेन पुरतं. कॉम्प्युटर कशाला?"

"बोटं दुखतात हो, पेन धरवत नाही."

यावर बाईंनी माझ्या बोटांकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "बस. चहा ओत."

त्यांच्या मशीनचा माउस वर्तमानपत्र उडू नये म्हणून वजन ठेवायच्या कामाचा. मशीनला जोडलेला नव्हताच. सगळं बोटांनी. पडद्यावर ना चित्रं, ना बटणं, नुसतं पांढरं पान आणि तळाला एक ओळ. मी म्हटलं, हे काय, रिकामं घर? तेव्हा बाईंनी मला जे सांगितलं ते मी अजून लोकांना सांगते.

"लिहायचं तयार सॉफ्टवेअर म्हणजे बिल्डरने दिलेला ओटा. बिल्डर ओटा कोणाच्या उंचीचा बांधतो? कोणाच्याच नाही. तू जन्मभर वाकून पोळ्या लाटतेस आणि पाठीला बाम चोळतेस. हा ईमॅक्स, हेही लिहायचंच सॉफ्टवेअर. याचा ओटा फोडायचा आणि आपल्या उंचीचा बांधायचा. राहत्या घरात, गॅस चालू ठेवून."

"आणि गवंडी?"

"आपणच. गवंड्याची भाषा तेवढी शिकावी लागते. लिस्प म्हणतात तिला."

ती भाषा मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा हसायलाच लागले. कंसच कंस. कंसाच्या पोटात कंस, त्याच्या पोटात आणखी कंस. मी म्हटलं, "बाई, करंज्या घातल्यात की काय?" बाई खुर्चीतून उडाल्याच. "अगदी बरोबर! करंजीच. दोन्ही कडा मिटल्या पाहिजेत. एक उघडी राहिली की सारण तेलात." तेव्हापासून मी कुठे चुकले की त्या 'कंस बंद कर' म्हणायच्या नाहीत. "कड मिटव गं, तेल काळं होतंय."

माझी पहिली करंजी म्हणजे एक किल्ली दाबली की अक्षरं मोठी व्हायची. प्रत्येक कामाला नाव द्यावं लागतं. मी नाव दिलं 'चष्मा-सापडत-नाही'. बाईंना फार आवडलं. पण तेवढ्यावर सुटका नाही. नावाखाली एक ओळ लिहायची असते, हे काम काय करतं ते सांगणारी. मी लिहिलं, 'अक्षरं मोठी करावीत.'

"हे काम झालं. कारण?"

"कारण चष्मा सापडत नाही."

"का सापडत नाही?"

"देवघरात विसरते."

"मग तसं लिही."

"अहो बाई, कोण वाचणार आहे ते?"

"तूच. सहा महिन्यांनी बघशील आणि म्हणशील, कोणत्या शहाण्याने हे करून ठेवलंय? ज्याला कारण लिहिता येत नाही त्याने काम करू नये."

म्हणून त्या मशीनमध्ये अजूनही लिहिलेलं आहे, 'मालकीण चष्मा देवघरात विसरते, म्हणून अक्षरं मोठी करावीत.' आणि मजा अशी की त्या मशीनला विचारता येतं. मदतीची किल्ली दाबायची, मग जी किल्ली कळत नाही ती दाबायची. मशीन निमूटपणे सांगतं, ही किल्ली काय करते आणि का. बाईंनी प्रत्येक किल्लीला काही ना काही शिकवून ठेवलं होतं आणि प्रत्येकीच्या पोटात कारण घातलं होतं.

मला परिच्छेद संपवताना 'असो' लिहायची खोड आहे. एका सकाळी मी 'असो' लिहिलं आणि तळाच्या ओळीत उमटलं, 'दमलीस का?' मी दचकलेच. पुन्हा 'असो', पुन्हा 'दमलीस का?' किल्लीला विचारलं, तर उत्तर, 'शेजारीण सांगायचं अर्धवट टाकून असो म्हणते. तिला पुढे बोलतं करावं.' मी वळून पाहिलं. बाई वर्तमानपत्र वाचत होत्या. उलटं.

सोसायटीचे सेक्रेटरी मात्र त्या मशीनला कायमचे घाबरले. सेक्रेटरींना नोटीस लिहायचं व्यसन. 'सर्व सन्माननीय सभासदांस सविनय कळविण्यात येते की' इथून सुरुवात, आणि खाली उतरेपर्यंत माणूस दमून नळ बंद करायचा विसरायचा. बाईंनी एक गाळणी लिहिली. नोटीस आत टाकायची, किल्ली दाबायची. सन्माननीय गळायचं, सविनय गळायचं, 'उपरोक्त विषयास अनुसरून' गळायचं. दोन पानी नोटिशीतून खाली पडलं, 'मंगळवारी पाणी नाही.' बाईंनी ते छापलं आणि मला सांगितलं, जा, खाली फळ्यावर लाव, त्यांच्या नोटिशीशेजारी.

सेक्रेटरी वर आले. घाम आलेला. "बाई, हे काय आहे?"

"तुमचंच आहे. गाळून."

"सभासद हसतायत!"

"हसू देत. पण मंगळवारी बादल्या भरलेल्या असतील की नाही?"

"तुम्ही जरा मान ठेवून लिहायला हवं होतं."

"मान ठेवला होता हो," बाई गंभीरपणे म्हणाल्या. "गाळणीत अडकला."

आता हाताचं सांगते. बाईंच्या मशीनवर माझ्याकडून एक गोष्ट नेहमी चुकायची. लिहिलेलं खोडायला म्हणून मी किल्ली टकटक दाबायची, तर एकच अक्षर खोडलं जायचं. वाटलं, मशीन म्हातारं झालं. बाईंना म्हटलं, "हे आळशी आहे हो तुमचं. पाचदा सांगावं तेव्हा एकदा ऐकतं." बाईंनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाल्या, "मला काय विचारतेस? किल्लीला विचार."

विचारलं. तळाला नाही, चांगलं अर्ध्या पानावर उमटलं ते. 'मालकिणीचा उजवा हात थरथरतो. एकच किल्ली लागोपाठ दाबली गेली तर ती एकदाच धरावी. भाच्याला कळू नये.'

मी मागे वळले नाही. म्हटलं, वळले तर त्यांना माझ्याकडे बघावं लागेल. मागून आवाज आला, "वाचलंस?"

"वाचलं."

"कड मिटली आहे ना नीट?"

"मिटली आहे."

मग मी उठले आणि दोघींचा चहा ओतला. रिवाजाचं कोडं तेव्हा सुटलं.

भाचा पवईला राहायचा. सॉफ्टवेअरमध्येच, पण मॅनेजर झालेला, म्हणजे आता स्वतः काही लिहायचा नाही, दुसऱ्यांनी कधी लिहून होणार ते विचारायचा. मुलगा लाख. आत्यावर जीव. तलाव दिसणाऱ्या टॉवरमध्ये एक खोली तिच्यासाठी रंगवून ठेवलेली. दर रविवारी यायचा आणि एकच पालुपद, "आत्या, चल ना गं. तिथं लिफ्ट आहे, डॉक्टर आहे, खाली बाग आहे." बाई म्हणायच्या, "माझं मशीन कुठे ठेवशील?" तो म्हणायचा, "तुला नवीन टॅब देतो, हे म्युझियमला दे." आणि जाताना बजावून जायचा, "एक सांगतो, ज्या दिवशी मला दिसेल की तुला एकटीला जमत नाहीये, त्या दिवशी विचारणार नाही. बॅग भरायची आणि निघायचं."

म्हणून हे सगळे रिवाज. रविवारी भाजी आदल्या दिवशी माझ्याकडून चिरून जायची. बाईंच्या साडीच्या निऱ्या मी करून द्यायची. भाचा आला की बाई उजव्या हातात वर्तमानपत्र गुंडाळून धरायच्या, म्हणजे हात हलला तरी वाटावं की यांना राग आलाय. राग तर त्यांना नेहमीच आलेला असायचा, त्यामुळे खपून जायचं.

मी एकदा म्हटलं, "बाई, मशीनमधलं ते वाक्य तरी काढून टाका. भाच्याला कळू नये, असं भाच्यालाच वाचता येईल अशा जागी लिहून ठेवलंय तुम्ही."

"मग काय लिहू?"

"काहीतरी दुसरं. 'किल्ली खराब आहे' म्हणून लिहा."

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवासमोर चप्पल घालून उभी आहे. "किल्ली कुठे खराब आहे? भाच्याशी खोटं बोलते, सेक्रेटरीशी बोलते, गरज पडली तर तुझ्याशीही बोलेन. कारणात खोटं लिहायचं नसतं."

व्हायचं तेच झालं. एका रविवारी भाचा आला, बाई दारात भाजीवाल्याशी दुधीवरून भांडत होत्या, मी स्वयंपाकघरात. भाचा सहज मशीनपुढे बसला. काहीतरी टायपायला गेला, अक्षरं गिळली गेली. सॉफ्टवेअरचा माणूस तो, मॅनेजर झाला म्हणून काय विसरला? मदतीची किल्ली दाबली. मी बाहेर आले तर त्याच्या खांद्यावरून मला ते अर्धं पान दिसलं. बाई दुधी घेऊन आत आल्या. त्यांनाही दिसलं.

"कधीपासून?" भाचा वळला नाही.

"दुधी चाळीसला देत होता, मी..."

"आत्या. कधीपासून?"

बाईंनी दुधी टेबलावर ठेवला. हात उघडाच होता, हलत होता. "झाले बरेच दिवस."

"काकू, तुम्हाला माहीत होतं?" हे मला. मी पदराचं टोक बघू लागले.

"बॅग भर," भाचा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "आज मी काही ऐकणार नाही."

"वाचता येतं ना तुला?" बाई म्हणाल्या. "मग पूर्ण वाच. हात थरथरतो एवढंच लिहिलंय का तिथं? काय करावं तेही लिहिलंय. आणि केलंय."

"मशीनवर केलंस. गॅस पेटवताना काय करणार? जिना उतरताना?"

बाईंनी खुर्ची ओढली, बसल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत ते आलं जे सेक्रेटरींची नोटीस बघून यायचं.

"बरं. येते. पण तुझ्या बायकोला कळवायला हवं. एक ओळ लिही, 'आत्या येतेय.' माझ्या मशीनवर लिही आणि इथूनच पाठव. फोन नाही. ओळ गेली की मी बॅग भरते."

"एवढंच?" भाचा हसला. "दोन मिनिटं."

मी कूकर लावला. दोन मिनिटांनी भाचा माउस शोधत होता. तो त्याला वर्तमानपत्रावर सापडला, शेपटीसकट मोकळा. कूकर झाला तेव्हा त्याने एकदा पडदा दोन भागांत चिरला होता, एकदा अक्षरं हाताएवढी केली होती आणि 'चष्मा-सापडत-नाही'चं कारण मोठ्याने वाचलं होतं. शेवटी ओळ लिहून झाली. पाठवायला गेला, तर तळाला उमटलं, 'का?'

"हे काय विचारतंय?"

"पत्र पाठवण्याआधी कारण विचारतं," बाई म्हणाल्या. "सेक्रेटरीला रागाच्या भरात काही जाऊ नये म्हणून मीच घातलंय."

त्याने टायपलं, 'कारण तिला एकटीला जमत नाही.' मशीनने विचारलं, 'नक्की?'

मला हसू आवरेना, मी दुधी उचलून आत गेले.

भाचा हट्टी, आत्यावर गेलेला. साधं 'हो' टायपायचं सोडून म्हणाला, हे विचारणंच बंद करतो. आणि तो आत शिरला, करंज्यांच्या आत. एका कामातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. जेवायला बोलावलं, आला नाही. मी ताट तिथंच नेऊन दिलं. डाव्या हाताने जेवत, उजव्याने वाचत होता. मध्येच विचारायचा, "आत्या, हे 'गोळी-घेतली-का' काय आहे?" "दुपारी दोनला विचारतं. मी हो म्हणेपर्यंत लिहू देत नाही." थोड्या वेळाने, "हे 'जिना'?" "जिना उतरायचा असला की त्याला सांगून जाते. मग ते काकूच्या फोनवर निरोप टाकतं. काकू दारात येऊन उभी राहते." "आणि गॅस?" "गॅस मी पेटवतच नाही. शेगडी घेतली विजेची. तिचं लिहिलं नाही, कारण तिला किल्ली नाही."

भाचा पुढचं वाचत राहिला. उन्हं ओट्यावरून भिंतीवर गेली. बाई खुर्चीत डोळे मिटून बसलेल्या, पण मला ठाऊक होतं, त्या किल्ल्यांचा आवाज ऐकत होत्या. कुठली किल्ली कोणत्या करंजीतली, ते त्यांना आवाजावरून कळायचं.

मग त्याने लिहिलेली ओळ खोडली. हळूहळू, एकेक अक्षर, कारण ते मशीन घाईने खोडू देत नाही. नवी लिहिली. 'आत्या येत नाही.' पाठवायची किल्ली दाबली.

'का?'

त्याने टायपलं, 'तिचं तिला जमतंय.'

'नक्की?'

भाचा थांबला. आत्याकडे पाहिलं. 'हो.' ओळ गेली.

बाईंनी डोळे उघडले. "तीन शब्दांत कारण लिहिलंस. सेक्रेटरी हो तू इथला."

"हसू नकोस. मी हरलोय, मान्य. पण मला रोज सकाळी कळलं पाहिजे तू ठीक आहेस."

"फोन करते."

"तू फोन उचलत नाहीस, करणार कसली!"

हे खरं होतं. मग दोघं शेजारी शेजारी बसली आणि त्यांनी मिळून एक काम लिहिलं. बाईंनी सांगायचं, त्याने टायपायचं, कंस राहिला की बाईंनी त्याच्या मनगटावर वर्तमानपत्र मारायचं. सकाळी दहापर्यंत मशीनवर एकही किल्ली दाबली गेली नाही, तर भाच्याच्या फोनवर आपोआप निरोप जावा. नावावरून जुंपली. त्याला इंग्रजीत काहीतरी भारदस्त हवं होतं. बाईंनी ठेवलं 'भाच्याला-घाबरव'. कारण मात्र त्यालाच लिहायला लावलं. त्याने काय लिहिलं ते मी सांगणार नाही, ते त्या दोघांतलं.

पुढच्या बुधवारी सकाळीच बाईंनी मला हाक मारली. "घावणे करून इकडेच आण. आणि मशीनला हात लावायचा नाही. धूळसुद्धा पुसायची नाही."

मी बशा मांडल्या, चहा ओतला. बाई घड्याळाकडे बघत बसलेल्या. माझ्या डोक्यात उशिरा प्रकाश पडला.

"बाई, अहो तो घाबरेल!"

"नाव काय ठेवलंय?"

"पण बिचारा ऑफिसात असेल, मीटिंगमध्ये..."

"हे बघ, लिहिलेलं काम चालतंय की नाही ते तपासल्याशिवाय मी आयुष्यात कधी सोडलं नाही. कंपनीत नाही, घरात नाही. उद्या खरोखर वेळ आली आणि ते चाललं नाही, तर मी कोणाला विचारायला येऊ?"

दहा वाजले. मशीनमधून बारीकसा आवाज आला. बाईंच्या फोनची रिंग वाजायला लागली, त्यांनी तो उशीखाली सारला. मग माझा वाजला. "उचललास तर बघ," बाई म्हणाल्या. मी उचलला नाही. पण दोनदा दाराशी जाऊन आले. बाई शांतपणे घावणं खात होत्या, चटणी लावून.

जिन्यात पावलं वाजली, दोन दोन पायऱ्या एकदम. दार उघडंच होतं. भाचा आत आला. डोक्यावर हेल्मेट, गळ्यात ऑफिसचं कार्ड, एका पायात बूट आणि दुसऱ्यात बाथरूमची चप्पल. त्याने आत्याला पाहिलं, तिच्या पुढ्यातल्या बशीला पाहिलं, मला पाहिलं. तो तिथंच जमिनीवर बसला, हेल्मेटसकट, आणि भिंतीला टेकला.

"किती वेळ लागला?" बाईंनी विचारलं.

"काय?"

"निरोप मिळाल्यापासून इथवर."

"अर्धा तास," तो म्हणाला. "गांधीनगरच्या सिग्नलला..." आणि मग त्याला कळलं. "आत्या! तू... तू टेस्टिंग केलंस?"

बाईंनी घावण्यांची बशी उचलून त्याच्यापुढे धरली. दोन्ही हातांनी नाही, एकट्या उजव्याने. बशी खडखडत होती, घावणं काठापर्यंत घसरलं, त्यांनी घसरू दिलं. भाच्याने ते हवेतच पकडलं आणि तोंडात घातलं.

"मशीनमध्ये काही दोष नाही," बाई मला म्हणाल्या. "पवईकडची बाजू हळू आहे."